खानेसुमारीचे रकाने

१८९१ साली बडोदे संस्थानाची लोकसंख्या २४ लाख १५ हजार ३९६ होती. दहा वर्षांनंतरच्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, ती १९ लाख ५२ हजार ६९२ भरली. मधल्या काळात विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा, दुष्काळ येऊन गेला होता. गुजरातेत त्याला आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. त्याच्या मागोमाग रोगराईही आली.

किती माणसे घटली हे एकूण आकड्यावरून कळते, परंतु कोणती घटली हे जाणण्यासाठी वयाचे कोष्टक उघडावे लागते. दुष्काळात लहान मुले अधिक दगावतात आणि जन्मही कमी होतात. त्यामुळे त्या वर्षांतली पिढी १९११ मध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांत आणि १९३१ मध्ये तिशीच्या आसपासच्या माणसांत विरळ असणार, हे ओघानेच येते. अर्थात, वय विचारले की ‘तीस’ किंवा ‘चाळीस’ असे ठोकळ उत्तर देण्याची आपली जुनी सवय लक्षात ठेवूनच हे रकाने वाचलेले बरे.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि १९०६ पासून प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे झाले. असा कायदा घरोघरी कितपत पोहोचला, हे केवळ वसूल झालेल्या दंडावरून ठरवता येत नाही. त्यासाठी वय आणि वैवाहिक स्थिती एकत्र मांडून, दहा वर्षांखालील विवाहित मुलींची संख्या दोन खानेसुमाऱ्यांच्या दरम्यान किती बदलली, हे पाहावे लागते.

आजच्या वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात, सर्वांत नाजूक रकाना मातृभाषेचा आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार, व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी ज्या भाषेत बोलत असे, ती तिची मातृभाषा होय. शाळेची किंवा बाजाराची भाषा येथे विचारलेली नसते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०क सांगतो, आणि अशी मुले कोठे व किती आहेत याचा अंदाज या रकान्यावरूनच बांधता येतो. प्रगणक दारात उभा असताना, दिवसभर गुजरातीत वावरणाऱ्या नातवाच्या नावापुढे घरातल्या कुणी सहज ‘गुजराती’ सांगून टाकले, तर आईशी मराठीत बोलणारे ते मूल मराठीच्या रकान्यातून वगळले जाते, आणि मराठी वर्ग मागणाऱ्या पालकांच्या अर्जातला आकडा एकाने कमी होतो.