गोफणीचा दोर आणि गोल्फचा स्विंग

(सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, गुरुजी, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या पोट्ट्यांनो, नमस्कार. फळ्यावर विषय लिहिला आहे, ‘गोल्फचा स्विंग सुधारण्यासाठी सरावाची साधने’. मला चाळीस मिनिटं मिळाली आहेत. ई-क्लासच्या पडीत जमिनीवर आपली मुलं क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवतात हे तुम्ही दोन वर्षं पाहताच आहात. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की चेंडू भेगेत जातो आणि मुलं तुराटीनं तो उकरून काढतात, हेही पाहिलं आहे. तेव्हा गोल्फ म्हणजे काय, इथून सुरुवात करत नाही. साधनांवर येतोच, पण त्याआधी तुम्हाला माझ्यासोबत ज्वारीच्या वावरात यावं लागेल.

ज्वारी हुरड्यावर आली की आमची नेमणूक मचाणावर व्हायची. शाळेच्या आधी दोन तास पाखरं राखायची. हातात अंबाडीच्या वाखाची गोफण. बाबांनी ती स्वतः विणली होती. मधली खोळ हाताच्या तळव्याएवढी, आणि वापरून वापरून इतकी मऊ झालेली की खडा ठेवला की आपोआप बसायचा. एका टोकाचा फास मधल्या बोटात, दुसरं टोक चिमटीत. इथं बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या बोटाला तो फास अजून आठवत असेल. (सभागृहातून होकार.) बघा, हात वर झाले.

माझा खडा कधीच नीट जात नसे. मी घाई करायचो, वर नेली की हिसका द्यायचो, आणि खडा मागच्या मागे धुऱ्यावर पडायचा. एके सकाळी बाबा मचाणाखाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “वरतून वढू नोको रे बाप्पा, दोर ढिला पडते. गोट्याले त्याच्या वजनानं येऊ दे.” वर चढून त्यांनी माझं मनगट नुसतं दोन बोटांनी धरलं. गोफण डोक्यावरून फिरली, मला दोराचा ताण बोटात लागला, तो ताण तसाच राहिला, आणि सूंऽऽ करून आवाज झाला तो माझ्या कानाजवळ नाही, पुढं, खडा सुटला तिथं.

हा आवाज लक्षात ठेवा. पुढं कामाचा आहे.

फौजेत असताना छावणीच्या मैदानावर एका साहेबांनी माझ्या हाती सात नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब, दिली. खेळ अंगात भिनला, पण रोगही सोबत आला. चेंडू डावीकडे निघायचा आणि हवेत उजवीकडे वळून झुडपात. याला स्लाइस म्हणतात. उजव्या हातानं खेळणाऱ्या नवशिक्यांपैकी बहुतेकांना हा असतो. क्लब वर गेला की माणूस खांदे आणि हात एकदम पुढं फेकतो, क्लब बाहेरून आत कापत येतो, आणि क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, त्या वाटेच्या मानानं उघडं, उजवीकडे वळलेलं राहतं.

इलाज म्हणून मी एक साधन मागवलं. कोपराला बांधायचा प्लास्टिकचा पट्टा. हात वाकूच देत नाही. त्या वेळी साडेतीन हजार रुपये म्हणजे माझ्यासाठी मोठी रक्कम होती, घरी पाठवायच्या पैशांतून काढली होती. तीन महिने रोज पहाटे तो बांधून सराव केला. पट्टा बांधला की चेंडू सरळ. मला वाटलं, जिंकलो. पट्टा काढला त्या दिवशी पहिलाच चेंडू झुडपात, दुसरा झुडपात, आणि आता कोपरही आखडलेलं. विकणाऱ्याला पत्र लिहिलं, त्यानं उत्तर दिलं की आणखी सहा महिने वापरा, आणि सोबत मनगटाचाही पट्टा घ्या. याचा मला आजही राग आहे. पैसे गेले म्हणून नाही. शिकणाऱ्याची चूक लपवून ठेवणारी वस्तू शिकवणारी म्हणून विकली जाते, याचा राग आहे. गुरुजी, मुलाचा हात धरून पाटीवर गिरवून घेता येतं, पण परीक्षेत हात धरायला कोण येणार?

सुटीवर घरी आलो. खुंटीला ती गोफण तशीच. ज्वारी तोवर आपल्या शिवारातून जवळजवळ गेली होती, कापूस आणि सोयाबीन आलं होतं, गोफण वापरायला कुणी नव्हतं. (याचं मला फार वाईट वाटतं. हुरडा तर गेलाच, पण एका पिढीच्या खांद्यातली एक चांगली सवयही गेली.) मी ती काढली, दोन्ही टोकं एकत्र धरली, खोळीत भिजवलेलं फडकं गाठ मारून बांधलं आणि अंगणात क्लबसारखी फिरवली. घाई केली की दोर ढिला, फडकं लोंबतं. थांबलो, फडकं पाठीला लागू दिलं, आधी कंबर वळू दिली, मग हात आले, की दोर ताठ. म्हणजे बाबांनी मचाणावर सांगितलं तेच. बाजारात लवचीक दांडीचे, टोकाला वजन लावलेले सरावाचे क्लब मिळतात, त्यांचं काम हेच. आमच्या खुंटीला ते आधीपासून लटकलेलं होतं.

आपल्या गावची नववीतली एक मुलगी आहे, नाव घेत नाही, ती इथंच बसली आहे. तिचा प्रत्येक चेंडू उजवीकडच्या तुरीत जायचा. पंधरा दिवस तिनं नुसती गोफण फिरवली. पहिल्या दिवशी आवाज तिच्या उजव्या कानाशी यायचा, म्हणजे सगळा जोर वरच संपत होता. नंतर तो खाली सरकला, मग चेंडूच्या जागेपाशी आला. त्या दिवशी मी तिला क्लब दिला. चेंडू लिंबाच्या झाडाच्या डावीकडून निघाला आणि मैदानातच पडला. तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, दुसरा चेंडू ठेवला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. दारव्ह्याची शेवटची गाडीही आहे. तेव्हा जे सांगायला बोलावलं ते पटपट सांगतो.

क्लब वरून खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि चेंडूला तो टेकलेला असतो जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाएवढा. मध्येच चूक सुधारायला वेळच नाही. म्हणून साधन असं हवं जे चूक झाल्याबरोबर सांगेल, पण अंग धरून ठेवणार नाही. गोफण सांगते. क्लब उलटा धरून दांडीकडून फिरवला तरी तोच आवाज ऐकू येतो, त्याला एक पैसा लागत नाही.

दुसरं, दुपट्टा. दोन्ही काखांत धरा आणि अर्धाच स्विंग करा. हात छातीपासून सुटले की तो पडतो. पूर्ण स्विंगला वापरू नका, तिथं तो पडणारच.

तिसरं, तुराट्या. एक चेंडूपासून निशाणापर्यंतच्या रेषेत, दुसरी पायांच्या बोटांपाशी. तिफणीचे तास कसे शेजारून जातात, एकमेकांना भेटत नाहीत, तशा. बहुतेक मुलं पाय थेट निशाणावर रोखतात, तिथंच दिशा चुकते.

चौथं, सरकीचं पोतं. त्यात जुने कपडे भरा, माती किंवा गोटे अजिबात नको, मनगट जाईल. हळू मारा आणि तिथंच थांबून बघा, हात क्लबच्या डोक्याच्या पुढं आहेत का.

साधनासह पाच फटके, साधनाशिवाय पाच, असं आलटून पालटून. नुसतं साधनासह शंभर केले तर माझ्या पट्ट्यासारखं होईल. आणि स्पर्धेत गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे फेरी चालू असताना ही साधनं वापरता येत नाहीत, तुराटीसुद्धा नाही. म्हणून ती आधीच सुटायला हवीत. स्पेनचा गोल्फपटू सेव्ह बॅलेस्टेरोस लहानपणी समुद्राच्या वाळूत एका तीन नंबरच्या आयर्नवर शिकला आणि पुढं ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा तीनदा जिंकला, १९७९, १९८४ आणि १९८८ मध्ये. वाळू त्याला प्रत्येक चूक तिथल्या तिथं दाखवत होती.

उद्या सकाळी सहाला ई-क्लासवर या. ज्यांच्या घरी गोफण असेल त्यांनी ती आणा, फाटकी असली तरी चालेल, विणता येणारे दोन आजोबा येणार आहेत. खडे आणू नका. फडकं भिजवायला पाण्याची बादली मी आणतो.