आत शिरणारं तेल आणि टिकणारं तेल

मित्रहो, वर्कशॉपमध्ये सगळ्यात कमी विचार करून कोणती वस्तू उचलली जात असेल, तर ती फवाऱ्याचा डबा. बिजागरी कुरकुरली, मार फवारा. नट हलेना, मार फवारा. चेन कोरडी दिसली, पुन्हा तोच डबा. मला आज एवढंच पटवून द्यायचं आहे की आत शिरायचा गुण आणि जागेवर टिकायचा गुण एकाच तेलात पुरेपूर मिळत नाहीत. डब्याला हात घालायच्या आधी आपल्याला यातलं काय हवंय, ते ठरवा.

कारण साधं आहे. नट-बोल्टच्या गंजलेल्या आट्यांमधली फट केसापेक्षाही बारीक असते. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच या फटीत तेल ओढलं जातं, पण त्यासाठी ते अगदी पातळ हवं आणि धातूवर चटकन पसरणारं हवं. आता इतकं पातळ तेल दोन घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये थर धरून उभं राहील का? नाही राहणार. दाब आला की ते बाजूला सरकतं, आणि त्यातला द्रावक, म्हणजे तेल पातळ करणारा पदार्थ, तर उडूनच जातो.

डब्ल्यूडी-४० सगळ्यांना माहीत आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत ते तयार झालं. नावातले ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पातळ पत्रा गंजू नये म्हणून ते वापरलं गेलं. डब्यातून फवारायचं रूप बाजारात आलं ते १९५८ मध्ये. म्हणजे त्याचा जन्मच ओल हटवण्यासाठी झाला. त्यात मोठा वाटा उडून जाणाऱ्या द्रावकाचा, तेल त्याहून कमी. ओल घालवायला, चिकट डाग सोडवायला, हत्यारांवर पातळ हात फिरवायला ते उत्तमच आहे. पण बेअरिंगचं वंगण म्हणून ते बनवलेलं नाही.

शिकत असताना मी हीच चूक केली होती. लेथची (धातू फिरवून कापायच्या यंत्राची) सरकणारी स्लाइड जड चालत होती, म्हणून त्यावर पातळ स्प्रे मारला. लगेच लोण्यासारखी फिरली आणि मी खूश झालो. काही दिवसांनी ती आधीपेक्षाही जड झाली, हँडल फिरवताना अडकून अडकून पुढे जाऊ लागली. उस्तादांनी स्लाइडखाली बोट फिरवलं आणि मला दाखवलं: बोट कोरडं. द्रावकाने आत असलेलं जाड स्लाइड ऑइल धुऊन काढलं होतं, आणि मागे ठेवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. ते कोरडं बोट माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

टिकणाऱ्या प्रकारांबद्दल थोडक्यात सांगतो. धातूवर धातू घासतो तिथे पांढरं लिथियम ग्रीस. धूळ किंवा भुसा उडतो तिथे कोरडा पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन), कारण ओलं तेल धूळ धरतं आणि तिची घासणारी लुगदी होते. कुलपात ग्रॅफाइट. रबर आणि प्लॅस्टिकला सिलिकॉन, कारण पेट्रोलियम तेलाने काही रबर फुगतं. पण जिथे पुढे रंगकाम होणार आहे, तिथे सिलिकॉनचा डबा उघडूसुद्धा नका. त्याचा जरासा अंश राहिला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

आता जाम झालेल्या बोल्टकडे येऊ. इथे घाई नडते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आटे एकमेकांत पाचर ठोकल्यासारखे आवळलेले असतात. आधी वायर ब्रश मारून आट्यांचं तोंड मोकळं करा, नाहीतर तेल कचऱ्यावरच थांबतं. मग आत शिरणारं तेल मारा आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, कारण त्या कंपाने गंजाला भेगा जातात आणि तेलाला वाट मिळते. मग थांबा. शक्य असेल तर रात्रभर थांबा, मध्ये एकदा परत तेल सोडा. सकाळी सहा कोनांचा सॉकेट लावा आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या. ‘टक्’ असा आवाज आला की समजा, पकड सुटली. पाव फेरा सोडा, त्यातला अर्धा परत आवळा, पुन्हा सोडा. आट्यांतून तपकिरी चिखल बाहेर येईल, तो पुसत राहा. आणि हो, आटे डावे, म्हणजे उलट्या दिशेने सुटणारे, नाहीत ना, हे सगळ्यात आधी बघा.

अ‍ॅसिटोन हा द्रावक आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, मिसळून वापरणारेही आहेत. ते मिश्रण पटकन वेगळं होतं, दर वेळी हलवावं लागतं, रंग आणि प्लॅस्टिक खातं आणि भडकन पेटतं. मी ते वापरत नाही.

काही बोल्ट मात्र कोणत्याच तेलाने सुटत नाहीत. लाल थ्रेडलॉकर, म्हणजे आटे घट्ट धरून ठेवणारा गोंद, लावलेला असेल तर सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावंच लागतं. स्टेनलेसवर स्टेनलेस फिरताना आटे एकमेकांना चिकटून जुळून गेले असतील, तर तिथे गंजच नसतो, मग तेल सोडवणार तरी काय? तापवायचं ठरलं तर आधी तेल पूर्ण पुसून काढा आणि डबा दूर ठेवा. त्यातला द्रावक जळतो, बहुतेक डब्यांतला वायूही जळतो. वेल्डिंगच्या आधी क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर वापरू नका. त्याच्या वाफेवर आर्क पडला तर फॉस्जीन हा जीवघेणा विषारी वायू तयार होतो. आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला कुठलंच तेल लावायचं नाही, थेंबभरसुद्धा नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल स्वतःहून पेट घेतं.

बोल्ट निघाला की आटे साफ करा आणि परत बसवताना अँटी-सीझ, म्हणजे आटे पुन्हा जाम होऊ न देणारा लेप, लावा. फक्त टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक टॉर्कला (वळवण्याच्या जोराला) आवळायचा पाना, कोरड्या आट्यांच्या आकड्यावर ठेवू नका. आटे ओले असले की घर्षणात कमी ताकद जाते, तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, आणि इतक्या मेहनतीने वाचवलेला बोल्ट बसवताना तुटतो.