आडनावावरून औषध ओळखा
(खानापुरात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, बोलण्याचा बाज तसाच ठेवून संपादित)

फार्माकॉलॉजीचं पुस्तक उघडलं की तुमच्यातल्या निम्म्यांच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. पुस्तक इंग्रजी, मैत्रिणीशी बोलणं कन्नडात, घरात मराठी, आणि वॉर्डात पेशंट सांगतो ते नाव कंपनीचं. मग वहीत दोन रकाने पाडायचे, डावीकडे ब्रँड म्हणजे कंपनीनं दिलेलं नाव, उजवीकडे जेनेरिक म्हणजे औषधाचं मूळ नाव, आणि रात्रभर घोकत बसायचं. परीक्षा संपली की सगळं साफ!

घोकायचंच असेल तर आधी नावाचं शेपूट घोका. आपल्याकडे येळ्ळूरकर, निपाणीकर म्हटलं की माणूस मूळचा कुठला ते विचारावं लागत नाही. जेनेरिक नावांचंही तसंच आहे, आणि ते आपोआप झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1950 मध्ये औषधांना एकच आंतरराष्ट्रीय नाव देण्याची पद्धत ठरवली आणि 1953 मध्ये पहिली यादी काढली. एका घराण्यातल्या औषधांना शक्यतो एकच शेपूट. अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारे. एनालाप्रिल, रामिप्रिल एका घरातले. लोसार्टन, टेल्मिसार्टन शेजारच्या. ही दोन्ही घरं बीपीच्या औषधांची.

पण शेपटाशेजारी नुसतं घराण्याचं नाव लिहून थांबू नका. तिथे आपलं काम लिहा. 'ओलोल' दिसलं की गोळी द्यायच्या आधी नाडी मोजायची. 60 च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, आणि पेशंटला दमा आहे का ते विचारायचं. 'प्रिल'वाल्याला कोरडा खोकला सुरू झाला तर कफ सिरप मागवायच्या आधी त्या गोळीकडे बघायचं. गरोदर बाईच्या चार्टवर 'प्रिल' किंवा 'सार्टन' दिसलं तर लगेच विचारायचं. 'डिपिन', म्हणजे अ‍ॅम्लोडिपिनसारखं बीपीचं औषध, असेल तर घोट्यावरची सूज बघायची. परीक्षेत प्रश्न येतो तो याचाच. "अ‍ॅटेनोलोलचा ब्रँड सांगा" असं कोण विचारतंय?

शेपटं फसवतातही. अ‍ॅटोर्वास्टॅटिन कोलेस्टेरॉलचं, पण निस्टॅटिन बुरशीवरचं. ओमेप्राझोल अ‍ॅसिडिटीचं, तर अ‍ॅरिपिप्राझोल मानसिक आजाराचं. आणि 'मायसिन'वर तर अजिबात विसंबू नका: स्ट्रेप्टोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, तिन्ही वेगवेगळ्या गटांतली. असे अपवाद वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहा. आणि नावं लिहायची ती रोमन लिपीत, स्पेलिंगसकट. उच्चार कळावा म्हणून वर मराठीत लिहिता, त्याला माझी ना नाही. पण डोपामिन आणि डोब्युटामिन घाईत मराठीत खरडलं की दुसऱ्या दिवशी तुमचं तुम्हालाच वाचता येत नाही.

आता ब्रँड. ते वॉर्डात शिकायचे, कारण तिथे त्यांच्याशिवाय पान हलत नाही. चंदगडकडची एखादी मावशी बेळगावात अ‍ॅडमिट होते. रोजच्या गोळ्या कोणत्या, विचारलं की म्हणते, "एक बीपीची ओ सिस्टर, पांढरी. आणि एक साखरेची, लांबुळकी." पिशवीतून कापलेल्या पट्टीचा तुकडा निघतो. त्यावर 'टेल्मा' एवढंच शिल्लक. नुसती टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन. टेल्मा एच असेल तर सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. टेल्मा एएम असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. कात्री नेमकी त्या एका अक्षरावर चालली असेल तर? 2018 च्या नियमाने जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा निदान दोन आकारांनी मोठं छापायचं आहे, पण पट्टीच कापल्यावर मोठं नि छोटं काय! नातेवाइकाला आख्खी पट्टी किंवा मेडिकलचं बिल आणायला सांगा. तोवर चार्टवर अंदाजाने काही लिहू नका.

याहून वाईट सापळा सेफॅलोस्पोरिनचा, म्हणजे अँटिबायोटिकच्या एका गटाचा. टॅक्सिम इंजेक्शन म्हणजे सेफोटॅक्सिम. टॅक्सिम-ओ गोळी म्हणजे सेफिक्सिम. मोनोसेफ इंजेक्शन म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन; मोनोसेफ-ओ म्हणजे सेफपोडोक्सिम. पुढे 'ओ' लागला म्हणजे तेच औषध तोंडाने, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. कंपनीला नाव खपवायचं असतं, तुमची परीक्षा सोपी करायची नसते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन तर गोळीत मिळतच नाही. आणि त्याचं इंजेक्शन रिंगर लॅक्टेटमध्ये, म्हणजे त्या नावाच्या सलाइनमध्ये, मिसळायचं नाही, कारण त्यातल्या कॅल्शियमशी त्याचा साका बनतो. आता सांगा, 'मोनोसेफ' एवढंच पाठ असेल तर हे आठवेल?

म्हणून ड्यूटीवर नवा ब्रँड दिसला की खिशातल्या छोट्या वहीत तो जेनेरिकच्या नावाखाली टिपा. पॅरासिटामॉल लिहा, त्याच्याखाली क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो. कॉम्बिफ्लाम त्यात घालू नका, त्यात आयबुप्रोफेनही आहे. ब्रँड बदलतात, बंद पडतात. वरची ओळ तशीच राहते.

जाता जाता, अमेरिकेच्या एनक्लेक्सची, म्हणजे तिथल्या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांसाठी. तिथे भर जेनेरिकवरच असतो, पण काही जेनेरिक नावंच वेगळी आहेत. आपलं पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटॅमिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड, पेथिडिन तिथे मेपेरिडिन, आणि अ‍ॅड्रेनालिन तिथे एपिनेफ्रिन. या पाच जोड्या आत्ताच लिहून घ्या, मग चहाला सुटू.