इनलेटसमोरची स्कूटर कोणाची?

मागेपर्यंत येतोय ना आवाज? ओके. मी काही फायर ब्रिगेडमधला नाही हां, तुमच्यासारखाच, बी विंग, चौथा मजला. 14 एप्रिल आहे म्हणून सेक्रेटरी म्हणाले दहा मिनिटं बोला. 1944 साली याच दिवशी मुंबईत व्हिक्टोरिया डॉकला फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, 66 फायरमन गेले, म्हणून 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. आपल्याकडे तो व्हॉट्सअॅपवर एका फॉरवर्डमध्ये उरकतो.

तर गेल्या रविवारी मी आणि कॉलेजची दोन पोरं, गच्चीपासून खालपर्यंत आग विझवायच्या सगळ्या लाल पेट्या उघडत आलो. पाचव्या मजल्यावर डक्टसमोर शू रॅक, त्यामागे रद्दी, रद्दीमागे लहान मुलांची सायकल, हे सगळं काढलं तेव्हा कुठे व्हॉल्व्ह दिसला. एका पेटीत पाणी मारायचा होज होता पण त्याच्या टोकाची पितळी नोझल गायब, पितळेला भंगारात काय भाव मिळतो ते मी सांगायला नको. आणि एका पेटीत गणपतीच्या लायटिंगच्या माळा, छान गुंडाळून ठेवलेल्या... हसू नका, मीच ठेवल्या होत्या.

लोक म्हणतात, अहो जानेवारीत आणि जुलैत एजन्सीवाला येतो, बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, देतो, झालं की. बरोबर आहे, महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने ते द्यावंच लागतं, पण तो येऊन गेला की दुसऱ्या दिवशी शू रॅक परत जागेवर.

गेटजवळ भिंतीतून तो चार तोंडांचा लाल पाइप बाहेर आलाय ना, तो इनलेट. आपली टाकी संपली किंवा पंप बंद पडला तर बंबवाले तिथे होज जोडून गाडीतलं पाणी वरच्या मजल्यांपर्यंत चढवतात. आणि आपण त्याच्यापुढे काय लावतो? गाड्या.

अमेरिकेत बॉस्टनला बर्फात रस्त्यावरचे हायड्रंट, म्हणजे बंबवाल्यांचे पाण्याचे नळ, अक्षरशः गाडले जातात, 2014-15 च्या हिवाळ्यात तिथे 110 इंच बर्फ पडला होता. तिथे हायड्रंट दत्तक घ्यायची वेबसाइट काढली होती, नकाशावर घराजवळचा हायड्रंट निवडायचा, त्याला नाव ठेवायचं आणि बर्फ पडला की फावडं घेऊन तो मोकळा करायचा. मला ते बारसं फार आवडलं. पुढे होनोलुलूने हीच आयडिया त्सुनामीच्या सायरनसाठी उचलली, कारण तिथे सायरनच्या बॅटऱ्या चोरीला जायच्या. म्हणजे नोझल फक्त आपलीच जाते असं नाही!

आपलं साधं ठेवू. मजल्यामागे एक घर, महिन्याचा पहिला रविवार, पेटी उघडून होज-नोझल बघायचं, समोरचं सामान हलवायचं, ग्रुपवर फोटो टाकायचा. व्हॉल्व्ह मात्र कोणी फिरवायचा नाही हां, जिन्यात धबधबा होईल, ते एजन्सीचं काम. सातव्या मजल्याला अजून कोणी मिळालं नाहीये, काका, तुमच्याकडेच बघतोय. इनलेट मी घेतलाय, त्यामुळे ती पांढरी स्कूटर ज्यांची असेल त्यांनी चहाच्या आधी किल्ली घेऊन खाली या.