ब्लोअर मारला तरी लॅपटॉप तापतोय? आधी कापसाची काडी फिरवून बघा | धूळ की धूर?

नमस्कार मंडळी. एक मिनिट, आधी हा आवाज ऐका... (माइक लॅपटॉपजवळ नेते) ऐकू आला? बाहेर पाण्याची मोटार चालू नाहीये, हा लॅपटॉप ओरडतोय. आणि चालू काय आहे यात, तर एक एक्सेलची फाइल, तीपण उधारीच्या हिशोबाची. गेम नाही, एडिटिंग नाही, काही नाही.

तर दिवाळी झाल्यापासून कमेंटमध्ये एकच सुरू आहे, "ताई ब्लोअर मारला, दोन दिवस बरा चालला, परत तसाच", "ताई पंधरा दिवसांपूर्वीच साफ केलाय, परत गरम", आणि एका दादांनी तर लिहिलंय की तुमचा ब्लोअरचा व्हिडिओ बघून केलं आणि काही उपयोग झाला नाही. अहो दादा, त्या व्हिडिओत मी चौथ्या मिनिटाला सांगितलेलं की धूर असेल तर हे चालणार नाही. पण चौथ्या मिनिटापर्यंत कोण बघतंय! म्हणून आज पहिल्या मिनिटातच सांगते : आत साचलंय ते कोरडं आहे की चिकट, हे बघितल्याशिवाय ब्लोअरला हात लावायचा नाही. बाकी व्हिडिओ नाही बघितला तरी चालेल. म्हणजे बघा, पण हे लक्षात ठेवा.

आधी पटकन, खरंच कचऱ्याचाच प्रॉब्लेम आहे का ते. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा, काहीच चालू नसताना सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, सत्तर-ऐंशी टक्के दाखवत असेल तर तो अपडेट नाहीतर अँटिव्हायरस नाहीतर व्हायरस, तिथे ब्रश घेऊन काय करणार. सीपीयू पाच-दहा टक्के आहे आणि तरी फॅन बोंबलतोय, तर मग पुढे. टेम्परेचर बघायला एचडब्ल्यूइन्फो नाहीतर कोर टेंप हे सॉफ्टवेअर टाका, दोन्ही फुकट आहेत. बसल्या बसल्या चाळीस ते पंचावन्न डिग्री ठीक आहे, आपल्याकडे मे महिन्यात थोडं जास्तही येतं, काम करताना ऐंशी-पंच्याऐंशी म्हणजेही घाबरायचं कारण नाही. पण पंच्याण्णव-शंभरला जाऊन तिथेच बसला, तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि तुम्ही म्हणता लॅपटॉप स्लो झाला, रॅम वाढवू का. रॅम काय करणार त्यात!

आता हात लावून बघायची एक गोष्ट, ही मला आवडते कारण याला काही लागत नाही. हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर तळहात धरा. फॅन जोरात आणि हवा जेमतेम, म्हणजे वाट बुजलीय. फॅन जोरात, हवापण भरपूर, पण ती गारच आणि आत मात्र प्रोसेसर शंभरला, म्हणजे उष्णता पाइपपर्यंत पोचतच नाहीये, प्रोसेसरवरची उष्णता पोचवणारी पेस्ट वाळली असेल, नाहीतर हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पाइप आणि बारीक पत्र्यांचा धातूचा भाग, नीट बसलं नसेल. आणि एवढा तापूनही आवाजच नाही, हवाच नाही, तर फॅन गेला असेल. या लॅपटॉपचं बघा, आवाज एवढा आणि हवा म्हणाल तर उदबत्तीचा धूर हलणार नाही.

हा लॅपटॉप आहे एका मामांचा, त्यांचं गुऱ्हाळ आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलाय फक्त. एका ठिकाणी दाखवला तर त्यांना मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, आणि आकडा ऐकून मामा तिथून उठूनच आले. इथे आल्यावर मी विचारलं मामा ठेवता कुठे हा, तर म्हणाले, "ऑफिसात". ऑफिस म्हणजे काय, तर रस उकळायच्या काहिलीपासून वीस फुटांवर पत्र्याची खोली. चुलवाणात चिपाड जळतंय, वर रस उकळतोय, धूर आणि वाफ दोन्ही त्या खोलीत, आणि हे सीझनभर, दिवाळीपासून पार मार्चपर्यंत. ज्यांना गुऱ्हाळ माहीत नाही त्यांनी तिथे पांढरा शर्ट घालून एक तास बसून यावं, मग कळेल. काकवी मात्र नक्की आणा.

तर कापसाची काडी. मागच्या वेळी मी इअरबड म्हणाले तर एकाने विचारलं, "ताई ब्लूटूथवाले का?" म्हणून आता कापसाची काडी म्हणते, कानात घालायची. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, मागचं झाकण उघडलेलं. हे कसं उघडायचं ते मी परत सांगणार नाही, फक्त स्क्रू कुठला कुठे होता त्याचा फोटो काढा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला की तो वरून कीबोर्डकडे टेंगूळ आणतो, नाहीतर बोर्डमध्ये घुसतो. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढा आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. झालं.

आता ही कोरडी काडी फॅनच्या एका पात्यावर अशी फिरवायची. (काडी कॅमेऱ्यासमोर धरते) करडा कापूस चिकटून आला आणि खालचं पातं काळं स्वच्छ दिसलं, तर ती धूळ. साधी धूळ, सुतळीचे धागे, केस, गादीतला कापूस, ब्रश मारला की उडते. पण काडी अडकत अडकत फिरली, आणि तिच्यावर पिवळट तपकिरी रेघ आली, ही बघा अशी, तर तो धूर. वास घ्या. सिगारेटवाल्याच्या लॅपटॉपला सिगारेटचा येतो, देवघराशेजारच्याला धूप-उदाचा येतो, आणि याला... याला खरंच गुऱ्हाळाचा येतोय, मला भूक लागली.

धूर म्हणजे नुसता काळा रंग नाही, त्यात तेलकट डिंकासारखं काहीतरी असतं, ते गार धातूवर आणि प्लॅस्टिकवर बसतं आणि मग त्यावर धूळ येऊन चिकटते. ब्लोअर मारता तेव्हा वरची धूळ उडते, तुम्हाला ढग दिसतो, समाधान वाटतं. खालचा डिंक तिथेच. त्याला नवीन धूळ धरायला किती वेळ लागतो? कधी कधी पंधरा दिवससुद्धा पुरतात. म्हणून तुमची ती कमेंट, "पंधरा दिवसांत परत".

पटलं नसेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन आठवा. फोडणीची वाफ आणि तेल खाऊन खाऊन त्याच्या पात्यांवर जे साचतं, ते कुणी फुंकर मारून काढतं का? आई काय करते, ब्रशने खरवडते आणि साबणाचं गरम पाणी घेते. लॅपटॉपला साबणाचं पाणी चालत नाही एवढाच फरक. नाहीतर घाण तीच आहे, आणि ज्यांचा लॅपटॉप ओट्यावर रेसिपी बघायला असतो त्यांच्याकडे तर अक्षरशः तीच.

आणि कोरडा ब्रश त्याहून वाईट, कारण चिकट घाणीवर कोरडा ब्रश घासला की तिचा लगदा होतो आणि तो लगदा तुम्ही स्वतःच्या हाताने हीटसिंकच्या फटींमध्ये लिंपता. त्या फटी केवढ्याशा असतात, कागद जेमतेम जाईल. म्हणजे साफ करायच्या आधी हवा थोडी तरी जात होती, आता तीही बंद. तर काडी फिरवा हो. एक रुपयाची काडी आहे.

(फॅन काढते) आता इथे बघा, ही गंमत. बाहेरच्या जाळीतून टॉर्च मारला तर सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि फॅन काढला तर फॅन आणि हीटसिंकच्या मध्ये ही गादी. अख्खी निघतेय चिमट्याने, गोधडीचा तुकडा असल्यासारखी. ही कायम आतल्या बाजूला असते, कारण हवा फॅनकडून बाहेर जाते आणि कचरा फटीच्या तोंडाशी अडकतो. तुम्ही बाहेरून ब्लोअर मारता तेव्हा हीच गादी मागे ढकलून फॅनमध्ये घालता.

ब्लोअरचं निघालंच आहे तर माझी स्वतःची चूक सांगते. नवीन नवीन काम शिकत होते तेव्हा एका फॅनवर फुल स्पीडने ब्लोअर धरला, पातं न धरता. अशी शिट्टी वाजली त्याची, मला भारी वाटलं, रीलसुद्धा केलं. आठवड्यात बेअरिंग खरखरायला लागलं आणि नवीन फॅन माझ्या खिशातून गेला. पातं बोटाने नाहीतर काडीने अडवून धरायचं, मगच हवा. ते रील अजून आहे माझ्या पेजवर, शोधू नका.

मग चिकट घाणीला लागतं काय, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आयपीए म्हणा, नव्याण्णव टक्केवालं. सत्तर टक्केवाल्यात बाकीचं पाणी असतं, ते इथे नको. "ताई सॅनिटायझर चालेल का?" नाही. त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं हात मऊ राहायला, म्हणजे डिंक काढायला गेलात आणि नवीन डिंक लावून आलात. कोरोनाच्या काळात सॅनिटायझरने पुसलेले कीबोर्ड मी किती उघडलेत विचारू नका. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, प्लॅस्टिक खातं ते. पेट्रोल? हे खरंच विचारलंय एकाने. नाही हो दादा. आणि फॅन आवाज करतो म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडणारे, तुमच्यासाठी वेगळा व्हिडिओ करणार आहे, रागाचा.

आयपीए पेट घेतं, हे मात्र गंमत नाही. खिडकी उघडी, गॅस बंद, आणि कृपा करून देवघरासमोर निरांजन लावलेलं असताना तिथेच मांडी घालून बसू नका.

आता करायचं कसं. घाण एवढी असेल तर मी हीटसिंक अख्खं काढते. त्यावर स्क्रूशेजारी एक-दोन-तीन-चार आकडे छापलेले असतात बहुतेक वेळा, बसवताना त्या क्रमाने थोडं थोडं पिळायचं. आणि हीटसिंक उचललं की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, पेस्ट घरात नसेल तर उचलूच नका. फटींवर आयपीए, मऊ ब्रश, फटींच्या दिशेने, आडवा नाही. पाणी बघा कसं निघतंय... चहा. अक्षरशः कटिंग चहा. दोन-तीनदा करायचं, स्वच्छ निघेपर्यंत. फॅन मात्र आयपीएमध्ये बुडवायचा नाही, बेअरिंगमधलं तेल धुऊन जातं. त्याची पाती ओलसर काडीने एकेक करून पुसायची, कंटाळवाणं आहे, गाणी लावा. बोर्डवर कुठे पिवळं दिसलं तर तिथे हलक्या हाताने. मग तासभर वाळू द्यायचं. हेअर ड्रायर नको, घाई असेल तर उद्या बसवा.

स्क्रीनला आयपीए नाही, वरचं कोटिंग जाऊ शकतं. मायक्रोफायबरचं कापड पाण्याने जरासं ओलं करून, बंद स्क्रीनवर. बस.

हां, एक राहिलं. हे सगळं रोजच्या धुराचं. घरात किंवा दुकानात आग लागली होती, वायरी-प्लॅस्टिक जळलं होतं, त्या खोलीतला लॅपटॉप असेल तर तो चालू करून बघूच नका, "एकदा बघतो चालतोय का" असंही नाही. वायरींचं पीव्हीसी जळलं की धुरातून आम्लासारखं काम करणारा वायू निघतो, हवेतल्या ओलाव्याबरोबर तो बोर्डवरचं तांबं खात बसतो, आणि काजळीतून करंटही जाऊ शकतो. तो लॅपटॉप बंद ठेवून, बॅटरी निघत असेल तर काढून, लगेच चांगल्या माणसाकडे न्या. आठवडाभर थांबलात तर हिरवं होतं आत, मग मीपण काही करू शकत नाही.

(कट. लॅपटॉप चालू आहे.) ऐका आता... काही नाही ना? सकाळी नुसता बसून एकाहत्तर होता, आता सेहेचाळीस. लोड दिल्यावर तेव्हा अठ्ठ्याण्णवला जाऊन लटकत होता, आता एक्याऐंशीला थांबलाय. मदरबोर्ड म्हणे गेलेला.

मामा बाहेर आलेत, लॅपटॉप न्यायला. मामा, या ना आत, कॅमेरा चालू आहे, चालतंय. मी काय म्हणते, आता हा परत तिथेच ठेवणार नाही ना?

"न्हाई न्हाई. आता खिडकीत ठिवतो, हवा लागंल त्याला."

खिडकी कुठल्या बाजूला आहे मामा?

"चुलवाणाकडं."