किती काळी काच? एनडी फिल्टर निवडताना

(दृश्य: भर दुपार, मोकळा रस्ता. एक सायकल डावीकडून उजवीकडे जाते. तोच शॉट पुन्हा एकदा.)

कॅमेरा तोच, लेन्स तीच, ऊनही तेच. पहिल्या शॉटमध्ये चाकाचे आरे मोजता येतात, पण सायकल तुटक तुटक सरकते. दुसऱ्यात आरे एकमेकांत मिसळलेत आणि सायकल खरोखर धावताना दिसते. पहिला शॉट १/३२०० सेकंदाच्या शटरवर घेतलाय, दुसरा १/५० वर. एवढ्या उन्हात शटर इतका वेळ उघडं राहिलं तर चित्र पांढरंफटक पडायला हवं. ते पडलं नाही, कारण लेन्सपुढे एक काळपट काच आहे.

हा न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर. पुस्तकी मराठीत ‘उदासीन घनता’ असं काहीतरी म्हणता येईल, पण शूटिंगच्या जागी तसं कुणी म्हणत नाही. तिथं तो एनडीच. काम एकच: लेन्समध्ये शिरणारा उजेड कमी करायचा, आणि तोही सगळ्या रंगांचा सारख्याच प्रमाणात. काच चांगली की वाईट, हे या ‘सारख्याच प्रमाणात’वर ठरतं.

उजेड कमी करायच्या बाकीच्या वाटा आहेत, पण प्रत्येकीची किंमत मोजावी लागते. शटर वेगवान केलं की हालचाल तुटते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक एफ १६, एफ २२ पर्यंत आवळलं (आकडा मोठा, भोक लहान) तर मागची धूसर पार्श्वभूमी जाते, शिवाय विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरल्यामुळे, बारीक तपशील मऊ पडतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, तर उन्हात आधीच तळाला टेकलेला असतो.

(दृश्य: वहीचं पान. पेन्सिलीनं एकाखाली एक आकडे लिहिले जातात.)

फिल्टर शोधायला निघण्याआधी वही उघडावी. व्हिडिओसाठी जुना संकेत असा, की सेकंदाला जितक्या फ्रेम, त्याच्या दुप्पट शटर. २५ फ्रेमला १/५०, ३० फ्रेमला १/६०, ५० फ्रेमला १/१००. याला १८० अंशांचं शटर म्हणतात, कारण फिल्म कॅमेऱ्यातली फिरती चकती अर्धी कापलेली असायची. म्हणजे शटर ठरलेलंच आहे. आता उरतं ते एवढंच, की ऊन किती आहे आणि आपल्याला किती हवंय.

लख्ख उन्हाचाही एक ठोकताळा आहे. एफ १६ ला शटर हे आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० असेल तर १/१००. समजा आपल्याला एफ २.८ हवंय. एफ १६ वरून ११, ८, ५.६, ४, २.८ असे पाच स्टॉप उघडले. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणून शटर ३२ पट वेगवान, १/३२००. पण हवंय १/५०. आता निम्मं करत खाली या: ३२००, १६००, ८००, ४००, २००, १००, ५०. सहा पायऱ्या. सहा स्टॉपचा एनडी हवा.

हेच गणित ढगाळ हवेत मांडलं तर चार स्टॉप निघतात, दाट मळभात तीन आणि उघड्या सावलीत दोन. टीव्हीच्या बातम्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बाजूला एक छोटं चाक असतं, त्यावर १/४, १/१६, १/६४ असं छापलेलं दिसतं. ते दोन, चार आणि सहा स्टॉपच आहेत. चाक बनवणाऱ्यांनी तेच गणित केलं होतं.

लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकं चित्र नोंदवणारी सेटिंग) लावली की मात्र हिशेब बिघडतो. अनेक कॅमेऱ्यांत लॉगमध्ये आयएसओ ८०० च्या आसपासच सुरू होतो. १०० वरून ८०० म्हणजे आणखी तीन स्टॉप. सहाचे नऊ झाले. ‘माझ्याकडे एनडी आहे, तरी आकाश जळतंय’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. काच खोटी नसते, तीन स्टॉप मोजायचे राहिलेले असतात.

(दृश्य: तीन फिल्टर शेजारी शेजारी. कडेवरचे आकडे जवळून.)

आता खरा गोंधळ. या तिन्ही फिल्टरवर वेगवेगळं छापलंय: एकावर एनडी ६४, दुसऱ्यावर १.८, तिसऱ्यावर सहा स्टॉप. तिन्ही एकच. पहिला आकडा सांगतो की उजेडाचा चौसष्टावा भाग आत येतो. दुसरा आहे ऑप्टिकल डेन्सिटी, त्यात ०.३ म्हणजे एक स्टॉप. ०.६ दोन, ०.९ तीन, १.२ चार, ३.० दहा. फोटोवाले बहुधा पहिला आकडा बोलतात, सिनेमावाले दुसरा. फिल्टर मागवताना ‘नऊचा एनडी’ म्हणालात, तर ०.९ हातात पडेल की नऊ स्टॉपचा, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून. म्हणून कायम स्टॉपमध्ये बोलावं.

दोन फिल्टर एकावर एक लावले तर डेन्सिटीची बेरीज होते आणि पटींचा गुणाकार. ०.९ आणि १.८ मिळून २.७, म्हणजेच ८ गुणिले ६४, ५१२. नऊ स्टॉप. त्यामुळे सुरुवातीला तीन आणि सहा स्टॉपचे दोनच फिल्टर घेतले तरी तीन, सहा, नऊ असं सगळं हाताशी येतं. मधला एखादा स्टॉप अ‍ॅपर्चर भरून काढतं. तिसरा फिल्टर त्यावर चढवू नये. वाइड लेन्सवर कोपरे काळे पडतात, आणि काचांच्या मध्ये उजेड उसळत राहिल्यानं दिव्यांची भुतं, म्हणजे पुसट प्रतिमा, फ्रेममध्ये उमटतात.

(दृश्य: व्हेरिएबल एनडीची कडी बोटांनी हळूहळू फिरते. चित्र काळं होत जातं आणि शेवटी आडवातिडवा पट्टा उमटतो.)

मग एकच व्हेरिएबल घेतला तर? कडी फिरवली की उजेड कमी, परत फिरवली की जास्त. धावपळीच्या शूटिंगला, लग्नाला, माहितीपटाला याला तोड नाही. पण आत काय चाललंय ते ठाऊक हवं. व्हेरिएबल म्हणजे एकापुढे एक ठेवलेले दोन पोलरायझर, एकाच दिशेत कंप पावणारा उजेड आत सोडणाऱ्या काचा. दोन्हींचे अक्ष एकाच दिशेत असले की उजेड जास्त, काटकोनात आले की जवळजवळ बंद. मधला हिशेब एतिएन-लुई मालुस या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०९ साली मांडलेल्या नियमानं होतो: कोनाच्या कोसाइनचा वर्ग.

त्याचा हाताला जाणवणारा परिणाम बघा. सुरुवातीला ४५ अंश फिरवले की एकच स्टॉप कमी होतो. ६० अंशांना दोन. तिसरा स्टॉप ६९ अंशांच्या आसपास, चौथा ७५.५ ला, पाचवा जवळजवळ ८० ला, सहावा ८३ च्या अलीकडे. पहिल्या स्टॉपला ४५ अंशांची ऐसपैस जागा आणि सहाव्याला जेमतेम तीन अंश. म्हणून शेवटाकडे बोट जरा हललं तरी चित्र एकदम दबतं, आणि म्हणूनच तिथं काळा फुलीसारखा डाग येतो: वाइड लेन्सच्या कडांवर उजेड तिरका शिरतो, तिथला कोन मधल्यासारखा राहत नाही. मोजकेच स्टॉप देणारे, दोन्ही टोकांना कडी अडवणारे व्हेरिएबल यासाठी बरे. दोन ते पाच स्टॉपवाला प्रामाणिक असतो. एकाच कडीत दोन ते दहा देऊ पाहणारा शेवटचे दोन-तीन स्टॉप वापरण्याजोगे ठेवतच नाही.

दुसरी अडचण जास्त छुपी. पुढचा पोलरायझर फिरतो, तेव्हा दृश्यातली चकाकीही बदलते. पाण्यावरची, पानांवरची, काचेवरची, इतकंच काय कपाळावरची सुद्धा. पहिल्या शॉटमध्ये गालावर छान उजळ तकाकी, आणि ढग आल्यावर कडी फिरवून घेतलेल्या दुसऱ्या शॉटमध्ये तोच चेहरा मॅट, निस्तेज. संपादनात दोन्ही शेजारी आले की जोडता जोडत नाहीत. निळं आकाश वाइड लेन्सनं घेतलं तर एका बाजूला गडद पट्टाही येतो. मुलाखतीसाठी, चेहऱ्यांसाठी साधा, ठरावीक स्टॉपचाच फिल्टर लावावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ड्रोनवर तर व्हेरिएबल नकोच: ड्रोन वळला की आकाशाचा रंग वळतो. तिथं साधा फिल्टर, आणि तोही ड्रोन चालू करण्याआधी लावलेला, म्हणजे गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा) आपला तोल त्या वजनासकट धरतो.

काही कॅमेऱ्यांत हा प्रश्नच उरत नाही. सोनीच्या एफएक्स ६ मध्ये सेन्सरपुढे इलेक्ट्रॉनिक एनडी आहे, १/४ पासून १/१२८ पर्यंत, म्हणजे दोन ते सात स्टॉप, अखंड. तो कॅमेरा असलेल्यांनी पुढचा थोडा भाग सोडला तरी चालेल.

(दृश्य: काळा कोट. डावीकडे काळा, उजवीकडे तोच कोट तपकिरी-लालसर.)

आता ‘सारख्याच प्रमाणात’कडे. हा कोट काळा आहे. उजवीकडे तो मरून दिसतो, आणि व्हाइट बॅलन्सची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगांच्या समतोलाची, कितीही ओढाताण करून तो काळा होत नाही. कारण इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा उजेड. कृत्रिम धाग्याचे बरेच काळे कपडे इन्फ्रारेड जोरात परत पाठवतात. कॅमेऱ्याचा सेन्सर त्यातला थोडा पकडतो. एरवी तो नगण्य असतो. पण स्वस्त सहा स्टॉपचा फिल्टर दिसणारा उजेड ६४ पट कमी करतो आणि इन्फ्रारेडला वाट मोकळी सोडतो. म्हणजे दिसणाऱ्या उजेडाच्या तुलनेत त्याचा वाटा ६४ पट वाढला. नगण्य आता नगण्य राहिला नाही. त्यात सुताचा काळा शर्ट काळाच राहतो, म्हणून रंग दुरुस्त करायला एकच उपाय लागूही पडत नाही. चार स्टॉपच्या पुढे जायचं असेल, तर इन्फ्रारेडही अडवणारा, आयआर एनडी म्हणून विकला जाणारा फिल्टर घ्यावा. आणि व्हाइट बॅलन्स फिल्टर लावल्यावर ठरवावा, हातानं. ऑटोवर तो मध्येच सरकतो.

(दृश्य: ट्रायपॉडवर कॅमेरा. समोर खडकांवर लाटा.)

फोटोग्राफीत गणित उलटं चालतं: आधी ठरवायचं पाणी कसं दिसायला हवं. धबधब्याला धागे हवेत पण अंग हवं, तर पाव सेकंद ते एक सेकंद पुरतो, तीन किंवा सहा स्टॉपवर काम होतं. समुद्राचं धुकं करायचं असेल तर अर्धं मिनिट, ढग ओढायचे असतील तर दोन मिनिटं, आणि त्याला दहा स्टॉप. दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट. फिल्टरशिवाय १/६० येत असेल तर लावल्यावर १७ सेकंद. १/८ येत असेल तर १२८ सेकंद.

दहा स्टॉपच्या काचेतून ऑटोफोकसला बहुधा काही दिसत नाही, म्हणून क्रम चुकवू नये. चौकट बसवा, फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका, फिल्टरशिवाय एक्स्पोजर मोजून लिहून ठेवा, आणि मग फिल्टर हलक्या हातानं चढवा. फोकसची कडी हलली तर पुन्हा पहिल्यापासून. ३० सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (आपण बंद करेपर्यंत शटर उघडं ठेवणारा) आणि रिमोट. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर मागची नेत्रिका झाका, नाहीतर दोन मिनिटांत तिथून शिरलेला उजेड चित्रावर जांभळट पट्टा सोडून जातो. चौकोनी फिल्टर असेल तर तो होल्डरच्या गादीला चिकटून बसलाय ना, तेही बघा.

एक सक्त सूचना. दहा स्टॉपची काच कितीही काळी दिसली तरी ती सूर्याकडे बघण्यासाठी नाही. सूर्यासाठीचे फिल्टर ५.० डेन्सिटीचे असतात, एक लाखावा भाग आत सोडणारे. ३.० चा फिल्टर त्याच्या शंभरपट उजेड सोडतो, वर इन्फ्रारेड वेगळाच.

मापाचं थोडक्यात. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा फिल्टर घेऊ नये. आपल्याकडची सर्वांत मोठी लेन्स बघून, बहुधा ७७ किंवा ८२ मिलीमीटर, त्या मापाचा एकच संच घ्यावा आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर बसवून देणाऱ्या कड्या, लावाव्यात. उलटं, म्हणजे मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर, केलं की कोपरे गेले. फिल्टर अडकला तर दोन बोटांत चिमटीत धरून पिळू नका. कडी अंडाकृती होते आणि आटे आणखी घट्ट धरतात. भोवती रुंद रबर बँड गुंडाळा, तळवा सपाट टेकवा, सगळीकडून सारखा जोर द्या.

(दृश्य: पांढरा कागद भिंतीला लावलेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख.)

नवा फिल्टर आला की कामावर नेण्याआधी त्याची तपासणी करा. स्थिर उजेडात पांढरा कागद, व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर पक्का. आधी फिल्टरशिवाय एक फोटो, मग फिल्टर लावून शटर तितक्या स्टॉपनं लांबवून दुसरा. दोन्ही हिस्टोग्राम एकमेकांवर बसले पाहिजेत. लाल, हिरवा, निळा यांतलं एखादं शिखर सरकलं असेल, तर तेवढा रंग काचेनं घातलाय. सगळंच डावीकडे सरकलं असेल, तर काच छापलंय त्याहून गडद आहे. दहाचा फिल्टर साडेदहाचा निघाला, तर ३० सेकंदांच्या जागी ४२ लागतात. फिल्टर परत करायची गरज नाही. डबीवर कागदी पट्टी चिकटवा आणि त्यावर पेननं खरा आकडा लिहा.