दुसऱ्या वर्षाचं बिल

मंडळी, ग्राहकाच्या वेबसाइटचं कोटेशन करताना आपण फ्रीलान्सर पहिल्या वर्षाचा हिशेब मांडतो आणि साइट मात्र पाच-सहा वर्षं चालते. आज मला त्या पुढच्या वर्षांबद्दल बोलायचंय.

समजा, दापोलीतल्या एका होमस्टेची साइट तुम्ही बारा हजारांत केलीत. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची भाड्याची जागा), थीम (साइटचं तयार रूप), सगळं ‘आत धरून’. शेअर्ड होस्टिंगचा, म्हणजे अनेक साइट एकाच सर्व्हरवर ठेवण्याचा, जाहिरातीतला दर बहुतेक ठिकाणी पहिल्या मुदतीपुरताच असतो. नूतनीकरणाला तो दुपटीवर गेला तरी नवल नाही, वर १८ टक्के जीएसटी. आपल्यातल्या अनेकांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आतली, त्यामुळे जीएसटी नोंदणी नाही, मग त्या कराचं क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही, नाही. तो सरळ खर्चात धरायचा. आणि हे बिल येतं तुमच्या ईमेलवर, कारण खातं तुम्ही उघडलेलं. मालकीणबाईंना फोन केलात तर त्या म्हणणार, ‘अहो, तेव्हाच दिले ना पैसे?’ त्यांचं काय चुकलं?

म्हणून डोमेन आणि होस्टिंगचं खातं पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या ईमेलवर आणि ग्राहकाच्याच कार्डावर असू द्या. तुम्हाला कामापुरता प्रवेश पुरे.

‘ऑटो-रिन्यू चालू आहे’ यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डावरून ठरावीक काळाने पैसे कापायला आधी नोंदवायच्या परवानगीचे, नियम लागू आहेत. परदेशी कंपनीने त्याची सोय केलेली नसेल, तर भारतीय कार्डावरून आपोआप होणारी वसुली बँक नाकारते. कंपनीची सूचना ईमेलच्या ढिगात जाते. डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्रारप्रमाणे (डोमेन विकणाऱ्या कंपनीप्रमाणे) काही दिवस ते नेहमीच्या दरात सोडवता येतं. मग ३० दिवस रिडेम्प्शनचे, म्हणजे सोडवून घेण्याचे, तेव्हा जबर आकार लागतो. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. एप्रिलमध्ये, ऐन हंगामात हे झालं तर बुकिंगचं काय होईल ते सांगायला नको.

फुकटच्या होस्टिंगचा मोह मला समजतो. पण व्हर्सेल या होस्टिंग कंपनीचा फुकटचा हॉबी प्लॅन व्यावसायिक वापरासाठी नाही, आणि तसल्याच हेरोकूने नोव्हेंबर २०२२मध्ये फुकटचे प्लॅन बंदच केले.

आता लायसन्स. इथे जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, जीपीएलखाली आहे. हे लायसन्स कोड वापरायला, बदलायला आणि वाटायला मुभा देतं. त्याच्या प्लगइनचा (जास्तीची सोय देणाऱ्या जोडणीचा) पीएचपी भाषेतला कोडही सहसा जीपीएलखालीच असतो. मग पैसे कसले? ते अपडेट आणि सपोर्टचे. वर्षभराने लायसन्स-कीची मुदत संपली तरी बहुतेक प्लगइन चालू राहतात, फक्त नवीन आवृत्ती येत नाही. सुरक्षेतलं भगदाड बुजवणारा अपडेट आला तरी तुमच्या ग्राहकाला तो मिळत नाही. साइट दिसायला ठणठणीत आणि आतून उघडी. टेलिग्रामवर मिळणाऱ्या ‘नल्ड’, म्हणजे लायसन्सची अट काढून टाकलेल्या, प्रतीचंही तेच: कोड वाटायला जीपीएलची मनाई नसेलही, पण वाटणाऱ्याने आत काय घातलंय ते तुम्ही तपासलंत का?

थीमचं गणित वेगळं. थीम विकणाऱ्या थीमफॉरेस्ट या बाजाराचं रेग्युलर लायसन्स एका ग्राहकाच्या एका साइटपुरतं असतं. तीच थीम दुसऱ्या होमस्टेला लावायची तर पुन्हा विकत घ्यायची. ही रक्कम कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, आपल्या मजुरीत मिसळू नका.

मराठी साइटवाल्यांसाठी एक जास्तीचा मुद्दा. डीटीपीसाठी (छपाईच्या मांडणीसाठी) विकत घेतलेला देवनागरी फाँट सर्व्हरवर चढवण्याची परवानगी त्याच लायसन्समध्ये असेलच असं नाही. ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे हे फाँट ओपन फाँट लायसन्स या मुक्त परवान्याखाली आहेत, वेबवर बिनधास्त वापरा.

शेवटचा मुद्दा, तुम्ही स्वतः लिहिलेला कोड कोणाचा? ग्राहकाला वाटतं, पैसे दिले म्हणजे आपला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. तुम्ही नोकर नसून स्वतंत्रपणे काम करत असाल, तर वेगळा करार नसेपर्यंत पहिले मालक सहसा तुम्हीच. हक्क द्यायचे तर कलम १९प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ग्राहक दुबईतला मराठी व्यावसायिक असेल तर ही दुसरी गोष्ट त्याला महागात पडेल. तेव्हा मुदत लिहा, प्रदेश लिहा, कोणते भाग जीपीएलचे आणि कोणते तुमचे तेही लिहा. खाली एक ओळ घाला: ‘शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील.’ काही ग्राहक त्या ओळीवर घासाघीस करतात. करू द्या, ती काम सुरू व्हायच्या आधी झालेली बरी.